एका तारेवरून तारेचे शास्त्र: सोनोमीटर बांधण्यापासून तंबोरा लावण्यापर्यंत

तंबोरा लावणाऱ्याचा कान, स्ट्रिंग क्वार्टेट या चार तंतुवाद्यांच्या पाश्चात्त्य वाद्यमेळातील वादकांचा आपसांतील मेळ आणि मूलकण म्हणजे अतिसूक्ष्म तारांची कंपने असे मांडणारा भौतिकीतील सिद्धांत, या तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. दोन्ही टोकांना बांधलेली तार मनाला येईल तशी कंपू शकत नाही. तिला आपल्या लांबीचे सारखे, पूर्ण भाग पाडूनच कंपावे लागते. हे पुस्तकात वाचून समजते, पण पटते ते हाताने तार छेडून, मोजून आणि ऐकूनच. त्यासाठी लागणारे सोनोमीटर हे उपकरण रत्नागिरी-सिंधुदुर्गातील कोणत्याही गावात, सुताराच्या थोड्या मदतीने, घरच्या घरी तयार करता येते. ते कसे बांधावे, त्यावर काय ऐकावे आणि ते ऐकून झाल्यावर तंबोऱ्याकडे, व्हायोलिनकडे व शेवटी भौतिकीकडे कसे वळावे, हे येथे सांगत आहे.

खोका आणि तार

खोक्यासाठी फणसाचे लाकूड घ्यावे. ते आपल्याकडे सहज मिळते, आणि दक्षिणेत वीणा व मृदंगही याच लाकडाचे करतात, त्यामुळे नादाच्या दृष्टीने ते पारखलेले आहे. मात्र फळी निदान एक-दोन उन्हाळे सुकलेली असावी; नुकत्याच पाडलेल्या झाडाची फळी पहिल्याच पावसात पीळ खाते आणि मग तार कधी घोडीवर, म्हणजे तिला खालून उचलून धरणाऱ्या आधारावर, नीट टेकत नाही. 80 सेंमी लांब व 8 सेंमी उंच अशा दोन बाजू आणि 10 सेंमी रुंदीची दोन तोंडे जोडून चौकट करावी, वर 3 मिमीचे प्लायवूड चिकटवावे आणि तळ उघडा ठेवावा. आवाज मोठा करण्याचे काम हे पातळ झाकण करते. बारीक तार एकटी हवा फारशी हलवू शकत नाही. ती घोडीमार्फत लाकूड हलवते आणि लाकूड हवेला हलवते. म्हणून झाकण जाड घेण्याचा मोह टाळावा.

झाकणावर शिसवीच्या किंवा खैराच्या लाकडाच्या दोन तिकोनी घोड्या बरोबर 60 सेंमी अंतरावर बसवाव्यात. हे अंतर मुद्दाम निवडले आहे, कारण 60 ला 2, 3, 4, 5 आणि 6 या सर्वांनी भाग जातो आणि पुढची मापे सोपी होतात. दोन घोड्यांच्या मध्ये मोजपट्टी चिकटवावी. तिसरी घोडी सुटी, इकडेतिकडे सरकणारी आणि बाकीच्या दोघींपेक्षा जेमतेम एक मिलिमीटर उंच असावी. ती अधिक उंच केली तर तार वर ताणली जाते आणि मोजमाप बिघडते.

तार वाद्यांच्या दुकानातून आणावी: 0.3 मिमी जाडीची पोलादी तार, म्हणजे सतारीच्या बाजाच्या तारेच्या जवळपासची. हार्डवेअरच्या दुकानातील बांधणीची तार मऊ असते, ती या कामाला चालत नाही. तारेचे एक टोक खोक्याच्या एका तोंडाला स्क्रूने पक्के करावे आणि दुसरे टोक विरुद्ध बाजूच्या लहान, सहज फिरणाऱ्या कप्पीवरून खाली सोडून त्याला पिशवी टांगावी. पिशवीत पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या आहेत, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि हे वजन घरात आयते असते. पिशवी व रिकाम्या बाटल्या यांचेही वजन मोजण्यात धरावे; त्यासाठी किराणा दुकानातला काटा पुरेसा आहे. तार तुटली तर तिचे टोक जोरात उसळते, म्हणून प्रयोग करताना चष्मा घालावा, मुलांना तारेच्या रेषेत उभे करू नये आणि टांगलेल्या पिशवीखाली पाय ठेवू नये.

वजन, लांबी, जाडी

प्रथम एक किलो टांगावे, तार दोनतीनदा दाबून सोडावी म्हणजे ती कप्पीवर व घोड्यांवर नीट बसेल, आणि मग छेडावी. मोबाइलवरील ट्यूनर, म्हणजे स्वराची वारंवारिता दाखवणारे ॲप, 110 हर्ट्झच्या (सेकंदाला 110 कंपनांच्या) आसपासचा आकडा दाखवील. हार्मोनियमच्या भाषेत हा खालचा पांढरी सहा आहे. याला सा मानावे. आता वरच्या सप्तकातील सा मिळवण्यासाठी किती वजन लागेल, असे कोणालाही विचारले तर उत्तर दुप्पट असेच येते, आणि युरोपात सुमारे दोन हजार वर्षे विद्वानांनीही तेच गृहीत धरले होते. पिशवीत दोन किलो करून पाहावे. वरचा सा येत नाही, तीव्र मध्यमाच्या जवळचा स्वर येतो. वजन चार किलो केले की मगच वरचा सा लागतो, ट्यूनरवर सुमारे 221. सोळाव्या शतकाच्या अखेरीस विन्चेंझो गॅलिली या ल्यूट नावाच्या तंतुवाद्याच्या वादकाने, म्हणजे गॅलिलिओच्या वडिलांनी, तारांना वजने टांगून हीच गोष्ट दाखवली आणि जुनी समजूत मोडली. मला हा प्रयोग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात एका गायनवादन जाणणाऱ्या माणसाने कानावर विश्वास ठेवून परंपरेची परीक्षा घेतली.

नियम असा: वारंवारिता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पंचम म्हणजे दीडपट वारंवारिता, म्हणून त्याला दीडचा वर्ग, म्हणजे सव्वादोन किलो लागते. सव्वादोन किलो टांगून पंचम ऐकावा आणि मग पुढे जावे.

लांबीचा नियम सरळ आहे. चार किलो तसेच ठेवून, मोकळ्या तारेच्या स्वराला आता सा मानून, सुटी घोडी सरकवावी: 30 सेंमीवर वरचा सा, 40 वर पंचम, 45 वर शुद्ध मध्यम, 48 वर शुद्ध गंधार, 36 वर धैवत, 32 वर निषाद आणि 53.3 वर रिषभ. 60 आणि 30 यांच्या ऐन मध्यावर मध्यम येतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. सतराव्या शतकात अहोबल पंडितांनी ‘संगीत पारिजात’ या ग्रंथात वीणेच्या तारेवरील स्वरस्थाने अशाच विभागणीने सांगितली आहेत. जवळजवळ त्याच काळात, 1636 च्या सुमारास, फ्रान्समध्ये मारां मेर्सेन यांनी लांबी, ताण आणि तारेचे वजन या तिन्हींचे नियम एकत्र मांडले.

तिसऱ्या नियमासाठी दुप्पट जाडीची, म्हणजे 0.6 मिमीची तार लावून तेच वजन टांगावे. जाडी दुप्पट झाली की दर मीटरमागे तारेचे वजन चौपट होते आणि स्वर बरोबर एक सप्तक खाली उतरतो. तंबोऱ्याची खर्जाची तार जाड पितळी का असते आणि चेलो या व्हायोलिनच्या जातीच्या मोठ्या वाद्याच्या खालच्या तारांवर धातूचे वेटोळे का गुंडाळलेले असते, याचे उत्तर येथे आहे. नुसती जाड तार घेतली तर ती काडीसारखी ताठ होते आणि तिचे वरचे नाद किंचित चढे लागतात. वेटोळ्याने वजन वाढते, पण लवचीकपणा टिकतो.

एका तारेतले अनेक नाद

येथे घाई करू नये. सुटी घोडी काढून ठेवावी, चार किलो टांगावे आणि तारेच्या ऐन मध्यावर, 30 सेंमीवर, बोटाचा नुसता स्पर्श ठेवून टोकाजवळ तार छेडावी. छेडताच बोट उचलावे. वरचा सा ऐकू येतो, आणि बोट उचलल्यावरही येतच राहतो. मग 20 सेंमीवर तसेच करावे: वरच्या सप्तकातला पंचम. 15 वर अतितार सा. 12 वर, म्हणजे लांबीच्या पाचव्या भागावर, त्या सप्तकातला गंधार. तारेने आपले दोन, तीन, चार, पाच सारखे भाग पाडले आणि प्रत्येक भाग आपापला कंपला. याखेरीज तिला मोकळीक नाही, कारण टोके हलू शकत नाहीत आणि कंपनाच्या लाटेला दोन टोकांमध्ये पूर्ण संख्येनेच बसावे लागते.

हे डोळ्यांनीही पाहता येते. वहीच्या कागदाच्या तीन मिलिमीटर रुंद, सेंटिमीटरभर लांब पट्ट्या मध्यावर दुमडून तारेवर खोगिरासारख्या बसवाव्यात: दोन पट्ट्या 30 व 45 सेंमीवर आणि तीन पट्ट्या 22.5, 37.5 व 52.5 सेंमीवर. आता 15 सेंमीवर बोट टेकवून सात सेंमीच्या आसपास अगदी हलक्या हाताने तार छेडावी. पंखा बंद असावा, नाहीतर पट्ट्या वाऱ्यानेच उडतात. 22.5, 37.5 आणि 52.5 वरच्या पट्ट्या थरथरतात, उडी मारतात आणि बहुधा खाली पडतात. 30 व 45 वरच्या जागच्या जागी बसून राहतात. त्या दोन जागांना निस्पंद बिंदू म्हणतात. तारेचा दोन्ही बाजूंचा भाग जोरात हलत असताना मधला एक बिंदू मात्र स्थिर राहतो, हे प्रत्यक्ष पाहताना जो बोध होतो तो कोणत्याही आकृतीने होत नाही.

मोकळी तार छेडली की हे सर्व नाद एकाच वेळी, कमीजास्त प्रमाणात, वाजत असतात. मध्यावर छेडली तर सम क्रमांकाचे नाद उमटत नाहीत, कारण त्या सर्वांना मध्यावर स्थिर बिंदू हवा असतो आणि आपण तर तोच बिंदू हलवलेला असतो. आवाज त्यामुळे पोकळ लागतो. टोकाजवळ छेडली तर वरचे नाद वाढतात आणि आवाज धारदार होतो. दोन्ही ठिकाणी पाळीपाळीने छेडून हा फरक कानात बसवावा.

तंबोरा लावताना

एवढा कान तयार झाला की तंबोऱ्याकडे यावे. नेहमीच्या लावणीत पहिली तार मंद्र पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या आणि चौथी खर्जाची. प्रथम जोडीची एक तार हार्मोनियमशी किंवा ट्यूनरशी मिळवावी. दुसरी जोडी तिच्या जवळ आणली की दोघींच्या एकत्र नादात आवाज चढउतार होऊ लागतो, त्याला डोल म्हणता येईल. दोन तारांत दोन हर्ट्झचा फरक असेल तर सेकंदाला दोन डोल येतात. खुंटीने डोल संथ करावेत आणि ते पुरते नाहीसे करण्याचे काम तारेत ओवलेल्या, सरकवून सूर बारीक जुळवायच्या मण्यावर सोपवावे. खुंटीने शेवटचा बारीक फरक काढू पाहणारा बहुधा पलीकडे जातो. पंचम व खर्ज तपासण्याची एक खात्रीची रीत आहे: खर्जाच्या तारेवर एक तृतीयांशाला बोट टेकवून निघणारा नाद आणि पंचमाच्या तारेवर मध्यावर बोट टेकवून निघणारा नाद एकच असला पाहिजे. सोनोमीटरवर 20 व 30 सेंमीवर जे ऐकले तेच येथे उपयोगी पडते.

त्यानंतर जवारी, म्हणजे तार घोडीवर टेकण्याची ठेवण. तंबोऱ्याची घोडी धारदार नसून रुंद व किंचित उतरती असते आणि तार तिच्यावर घासत, टेकत, सुटत कंपते. तार व घोडी यांच्यामध्ये सुती किंवा रेशमी दोरा सरकवून ही टेकण सुधारायची असते. दोरा केसभर सरकवावा, तार छेडावी, ऐकावे, पुन्हा केसभर. एका जागी आवाज एकदम मोकळा होतो आणि नाद लांबतो, तेथेच थांबावे. 1921 मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांवरील लेखात दाखवून दिले की तंबोऱ्याची तार ज्या बिंदूवर छेडली तेथे निस्पंद बिंदू असणारे नादही तिच्यातून स्पष्ट ऐकू येतात. आपल्या सोनोमीटरवर मध्यावर छेडल्यास सम नाद गेले होते. तंबोऱ्यावर ते जात नाहीत, कारण वक्र घोडी प्रत्येक कंपनात तारेला नव्याने स्पर्श करते आणि नादांची नवी वाटणी करते. खर्जातून आपोआप उमटणारा ‘स्वयंभू गंधार’ म्हणजे तारेचा पाचवा नाद, 12 सेंमीवर ऐकलेला. जवारी उत्तम लागल्याखेरीज तो स्पष्ट उमटत नाही, आणि तो ऐकू येत नसताना गायला बसण्यात काही अर्थ नाही असे माझे मत आहे.

किनारपट्टीवर एक वेगळी काळजी घ्यावी लागते. आषाढ-श्रावणात लाकूड ओल धरून फुगते, खुंट्या अडकतात, आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की त्याच खुंट्या सैल होऊन घसरतात. घसरणाऱ्या खुंटीला खडू लावावा. अडकलेली खुंटी जोराने पिळू नये. वाद्य जांभ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नये, कारण पावसाळ्यात ती भिंत ओलावते. खाऱ्या हवेत पोलादी तार लवकर गंजते आणि गंजलेल्या तारेचे वजन सर्वत्र सारखे राहत नाही. मग तिचे वरचे नाद पूर्ण पटीत येत नाहीत आणि कितीही पिळले तरी ती सुरात बसत नाही. अशी तार बदलावी. वाजवून झाल्यावर तार कोरड्या फडक्याने पुसणे हा त्यावरचा साधा इलाज आहे.

दुपारी तंबोरा उतरतो, त्याचे कारणही सोनोमीटरवर स्पष्ट होते. उष्णतेने पोलाद लाकडापेक्षा अधिक लांबते, त्यामुळे खुंटीला बांधलेल्या तारेचा ताण कमी होतो. पाच अंशांच्या फरकाने 220 हर्ट्झची तार एखाददुसऱ्या हर्ट्झने खाली येऊ शकते. वजन टांगलेली तार मात्र जवळजवळ जागची हलत नाही, कारण ती लांबली तरी पिशवी थोडी खाली येते एवढेच, ताण तोच राहतो. खुंटीने दिलेला ताण लांबीवर अवलंबून असतो, वजनाने दिलेला नसतो. हा भेद पुढे भौतिकीत कामाला येणार आहे.

चार वाद्ये, सोळा तारा

स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो. अठराव्या शतकात संगीतरचनाकार हायडन यांच्या हातून या रचनाप्रकाराला आकार आला. कोकण किनाऱ्याला व्हायोलिन परके नाही. गोव्यातील चर्चच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुले स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकली, आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे वादक मुंबईच्या चित्रपटसंगीतात गेले. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य.

व्हायोलिनवर गज ओढला की राळ लावलेले केस तारेला धरतात, ओढतात, सोडतात, पुन्हा धरतात. तार यावेळी सरळ वर-खाली होत नसते. एक तीक्ष्ण कोपरा तिच्यावरून टोकापर्यंत धावतो आणि परत येतो, आणि त्याच्या एका फेरीत एक धरणे व एक सुटणे होते. हे हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात शोधून काढले. गजाने वाजणाऱ्या तारेतले नाद यामुळे काटेकोर पूर्ण पटीत राहतात, आणि म्हणूनच चार वाद्यांचा मेळ इतका कसोटीचा असतो: थोडासा बेसूरही लपत नाही.

या वाद्यांच्या शेजारशेजारच्या तारांत सा-पंचमाचे अंतर असते. व्हायोलिनच्या तारा शुद्ध पंचमांत लावल्यास सुमारे 196, 293, 440 आणि 660 हर्ट्झच्या येतात. येथे एक अडचण निर्माण होते, ती सोनोमीटरवर स्वतः पाहावी. चेलोच्या सर्वांत खालच्या तारेपासून चार शुद्ध पंचम चढत गेले की व्हायोलिनच्या सर्वांत वरच्या तारेचाच स्वर, एक सप्तक खाली, येतो, आणि खालच्या तारेला सा मानले तर तो गंधार असायला हवा. पण दीडला चार वेळा गुणून सप्तकात आणले की 81/64 येते, तर तारेचा स्वयंभू गंधार 80/64, म्हणजे 5/4 असतो. सोनोमीटरवर पहिला 47.4 सेंमीवर आणि दुसरा 48 सेंमीवर येतो. सहा मिलिमीटरचा फरक! हार्मोनियमवर सा धरून दोन्ही जागा आलटून पालटून छेडाव्यात. फरक कोणालाही ऐकू येतो. सर्व पंचम शुद्ध ठेवले तर गंधार चढा लागतो, म्हणून क्वार्टेटमधील वादक आपले पंचम किंचित आखूड लावतात आणि उरलेले बोटांनी सावरतात. त्यांच्या वाद्यांना पडदे नाहीत, हे येथे वरदान ठरते. क्वार्टेट ऐकताना संथ भागात चेलोचा लांब खालचा स्वर धरावा आणि त्यावर वरच्या व्हायोलिनचा गंधार कोठे बसतो याकडे लक्ष द्यावे.

मूलकणांच्या तारा

1968 मध्ये गाब्रिएले व्हेनेझियानो यांनी कणांच्या टकरींसाठी एक सूत्र मांडले, आणि 1970 च्या सुमारास नांबू, निल्सन व ससकिंड या भौतिकशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे ओळखले की हे सूत्र कंपणाऱ्या तारेचे वर्णन करते. पुढे त्यातून स्ट्रिंग सिद्धांत उभा राहिला: सर्व मूलकण हे एकाच प्रकारच्या तारेचे निरनिराळे कंपनप्रकार होत. सामान्यपणे या तारा 10 च्या उणे 35 व्या घातांकाइतक्या मीटर लांबीच्या आसपास मानल्या जातात, त्यामुळे कोणत्याही यंत्राने त्या दिसलेल्या नाहीत आणि सिद्धांत प्रयोगाने सिद्ध झालेला नाही. मुंबईत कुलाब्याच्या टोकाला, समुद्राकाठी असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत यावर दीर्घकाळ संशोधन होत आले आहे, आणि कोल्हापूर जिल्ह्यातले अतीश दाभोलकर हे या क्षेत्रातले संशोधक 2019 मध्ये इटलीतील त्रिएस्ते येथील आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्राचे संचालक झाले.

‘विश्व म्हणजे संगीत’ असे सैलपणे म्हणण्यापेक्षा साम्य कोठे आहे आणि कोठे नाही, हे पाहणे अधिक मोलाचे आहे. मोजकीच कंपने शक्य असणे, हे साम्य खरे आहे. ही तार अणूंची बनलेली नाही, तिची टोके जोडलेली असू शकतात आणि ती हवेत नाद करत नाही, हे भेदही खरे आहेत. ताणाचे साम्य मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. स्ट्रिंग सिद्धांतातील तार लांबवली तरी तिचा ताण वाढत नाही. म्हणजे ती खुंटीच्या तारेसारखी नसून आपल्या वजन टांगलेल्या तारेसारखी आहे. शिवाय तारेवरून लाट किती वेगाने जाते हे ताण भागिले दर मीटरचे वजन यांच्या वर्गमुळाने ठरते. आपल्या तारेवर एक किलोला हा वेग सेकंदाला सुमारे 133 मीटर आहे. त्या तारेवर तेच सूत्र लावले की प्रकाशाचा वेग येतो.

दुसरा फरक कानाने समजून घेता येतो. आपल्या तारेचे नाद एक, दोन, तीन, चार अशा पटीत चढतात, तर स्ट्रिंग सिद्धांतात कणाच्या वस्तुमानाचा वर्ग स्थूल मानाने तशा सारख्या पायऱ्यांनी वाढतो. म्हणजे वस्तुमान या आकड्यांच्या वर्गमुळांप्रमाणे वाढते. वर्गमुळाचा नियम आपण वजनांनी ऐकलाच आहे. म्हणून पिशवीत क्रमाने एक, दोन, तीन आणि चार किलो ठेवून मोकळी तार छेडावी. ट्यूनरवर साधारण 111, 157, 192 आणि 222 येईल: सा, मग तीव्र मध्यमाजवळचा स्वर, मग धैवत आणि कोमल निषाद यांच्यामधला, आणि शेवटी वरचा सा. पायऱ्या वर जाताना जवळ येत जातात. पाच, सहा आणि सात किलोही याच तारेला पेलतात, तेवढ्यावर थांबावे आणि प्रत्येक वेळी पिशवी हळूच सोडावी.